तुम्ही विचारलंत म्हणून: पॅलिओने खरंच ताकद येते का?

सकाळी नाशिकच्या गंगापूर रोडला फिरायला येणाऱ्या मैत्रिणी, कार्यालयातील सहकारी आणि आता बहिणीच्या सासरची मंडळीही मला एकच प्रश्न विचारतात : पॅलिओ आहाराने, म्हणजे पुराश्मयुगातल्या माणसासारखे खाण्याने, तुमचा थकवा गेला म्हणतात, मग आम्हीही तो करावा का? उभ्या उभ्या याचे उत्तर देणे मला जमत नाही, आणि माझे अर्धवट ऐकून कोणी डाळ-भाकरी सोडली तर ते मला फार लागेल, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

माझे वय ४७. सातपूरच्या एका कारखान्यात मी हिशेबाचे काम पाहते. दुपारचे चार वाजले की आकडे डोळ्यांपुढे फिरू लागत, जिना चढताना धाप लागे आणि घरी पोहोचल्यावर कणीक मळण्याचेही त्राण उरत नसे. तपासणीत थायरॉइड व्यवस्थित निघाले, पण हिमोग्लोबिन १०.६ भरले, स्त्रियांमध्ये ते १२ च्या खाली असले की रक्तक्षय समजतात. लोहाच्या गोळ्यांनी पोट बिघडते म्हणून मी त्या डॉक्टरांना न विचारताच सोडल्या होत्या, आणि ती माझी चूकच होती. त्याच सुमारास पॅलिओविषयी ऐकले आणि जानेवारीत बारा आठवड्यांसाठी तो सुरू केला.

शेती सुरू होण्यापूर्वी, म्हणजे साधारण दहा-बारा हजार वर्षांपूर्वीपर्यंत, माणूस जे खात होता तेच आपल्या शरीराला मानवते, असा या आहाराचा मूळ विचार आहे. ईटन आणि कॉनर या अमेरिकी अभ्यासकांनी १९८५ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात तो मांडला आणि पुढे त्याला आजचे रूप आले. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळे, बदाम-अक्रोड चालतात. धान्ये, डाळी, शेंगदाणे, दूधदुभते आणि साखर वर्ज्य. आपल्या घरात याचा अर्थ काय होतो, हे पहिल्याच दिवशी कळले : शेंगदाण्याच्या कुटाशिवाय भाजी, वरणाशिवाय ताट आणि दुधाशिवाय चहा.

पहिल्या दहा दिवसांत अडीच किलो वजन उतरले आणि मी हरखले, पण ते बहुतेक पाणीच होते. शरीरात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (म्हणजे साठ्यातल्या साखरेबरोबर) सुमारे तीन ग्रॅम पाणी असते, आणि पिष्टमय अन्न कमी झाले की तो साठा आणि ते पाणी दोन्ही उतरतात. मूत्रपिंडे मिठातले सोडियमही अधिक बाहेर टाकू लागतात. दुसऱ्या आठवड्यात माझे डोके सतत दुखत होते, ते मटणाचे मीठ घातलेले सूप दोन दिवस प्यायल्यावर थांबले. बद्धकोष्ठ मात्र भाज्या वाढवूनही महिनाभर टिकले.

घरी सासूबाईंना हे सगळे समजावून सांगताना मला वाटले होते की त्या रागावतील. त्यांनी शांतपणे विचारले, "म्हणजे रोजच ऋषिपंचमी का?" त्यांचे म्हणणे अगदी नेमके होते. भाद्रपदातल्या त्या एका दिवशी आपल्याकडे बैलाच्या कष्टाचे खायचे नाही असा नेम असतो आणि अळू, सुरण, लाल भोपळा, पडवळ यांची भाजी होते. म्हणजे नांगराआधीच्या अन्नाची आठवण आपल्या स्वयंपाकघरात होतीच, फक्त ती वर्षातून एका दिवसापुरती होती. त्यानंतर त्यांनीच बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारातून माझ्यासाठी सुरण आणायला सुरुवात केली.

पुराश्मयुगाचा माणूस नाशिकला परका नाही. गंगापूरजवळ गोदावरीच्या खडीच्या थरांत त्याची दगडी हत्यारे मिळाली आहेत, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ डॉ. सांकलिया यांनी त्यांवरचा अभ्यास १९५२ मध्ये प्रसिद्ध केला. पण दगड आणि हाडे टिकतात तसे कंद, पाने आणि बिया टिकत नाहीत, त्यामुळे तो माणूस मांसावरच जगत होता असे त्यावरून म्हणता येत नाही. इस्राएलमधील ओहालो या ठिकाणी २३ हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत रानटी सातू दळल्याच्या खुणा सापडल्या आहेत, आणि तो काळ शेतीच्या कितीतरी आधीचा आहे. धान्य शरीराला अगदीच नवे आहे, हा पॅलिओचा दावा म्हणूनच मला पटत नाही.

आता ज्यासाठी तुम्ही विचारता ते. सहाव्या आठवड्यापासून चारचा थकवा खरोखर कमी झाला आणि बाराव्या आठवड्यात हिमोग्लोबिन ११.९ आले. श्रेय अंडी-मटणाला आहेच, कारण मांसातले लोह शरीर सहज शोषून घेते. पण माझ्या मते तेवढेच मोठे श्रेय चहा सुटण्याला आहे. माझा नाश्ता वर्षानुवर्षे चहा-चपातीचा होता आणि डबा संपताच लगेच चहा येत असे. चहातली टॅनिने धान्य, डाळ आणि पालेभाज्यांतल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते अंगी लागू देत नाहीत. पॅलिओने दूध बंद केले, बिनदुधाचा चहा मला घशाखाली उतरेना, म्हणून चहा गेला. मनाई दुधाला होती आणि गुण दुसरीकडूनच आला. हे ध्यानात आल्यावर मी प्रत्येक नियम वेगळा करून तपासायचे ठरवले.

एप्रिलपासून दोन-दोन आठवड्यांनी एकेक पदार्थ परत आणला आणि दुपारी चार वाजता कसे वाटते ते वहीत लिहिले. मुगाच्या डाळीने काहीच बिघडले नाही, उलट पोट साफ होऊ लागले. ज्वारीच्या भाकरीने तर मला माझे जेवण परत मिळाल्यासारखे वाटले आणि थकवा आला नाही. ताक चालले, पण कपभर दुधाने पोट फुगते हे मला या वयात पहिल्यांदा समजले. साखर आणि बिस्किटे आणली आणि तिसऱ्या दिवशी चारची गुंगी हजर झाली. मिसळीतल्या मटकीने त्रास झाला नाही. पाव आणि फरसाण भरपूर खाल्ले की झाला.

म्हणून पॅलिओ जसाच्या तसा करा, असे मी कोणालाही सांगत नाही. तो महाग आहे (आमचा किराणा जवळजवळ दुप्पट झाला), श्रावणात शाकाहारी घरात तो निभत नाही, आणि डाळ, दूध व नाचणी एकदम सोडून रोजचे १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळवणे फार कठीण जाते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर धोकादायक खाली जाऊ शकते, मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना जादा प्रथिने बाधू शकतात. त्यांनी डॉक्टरांशिवाय यात पडूच नये. थकवा असेल तर आधी रक्त तपासा, बी-१२ सुद्धा.

मात्र आपल्या ताटात धान्य फार आणि बाकीचे थोडे असते, हे पॅलिओने मला दाखवले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शिकाही धान्यांतून ४५ टक्क्यांहून अधिक ऊर्जा घेऊ नका असेच सांगते. आज माझ्या नाश्त्याला दोन अंडी आणि भाजी असते, डब्यात एक भाकरी, घट्ट डाळ आणि दोन भाज्या. रविवारी काळ्या मसाल्याचे मटण. चहा मी पुन्हा सुरू केला आहे, पण जेवणानंतर दीड तास उलटल्यावर, अगदी थोडे दूध घालून आणि बिनसाखरेचा.