ओला भुंगेरा

नाशिकात द्राक्षबागांना सल्ला द्यायचं काम करते. पावसाला सुरुवात झाली की फोनवर भुंगेऱ्यांचे फोटो सुरू होतात, सगळे वरून काढलेले. निफाड तालुक्यातल्या एका काकांचा असाच आला, काळपट तपकिरी, लांब मिशा. मी लगेच लिहिलं, स्ट्रोमॅशियम बार्बॅटम, आपला नेहमीचा खोडकिडा, सुटलेली साल काढा, वाळके ओलांडे, म्हणजे वेलीचे आडवे फाटे, कापून जाळा.

दोन आठवड्यांनी काका तोच भुंगेरा डबीत स्पिरिट घालून घेऊन आले. "मॅडम, सगळी साल काढली, आत पावडर नाहीच कुठं." धस्स झालं, कारण स्ट्रोमॅशियम असता तर मेलेल्या लाकडात पिठासारखा भुसा ठासून भरलेला सापडलाच असता.

टिश्यूवर ठेवला, आणि वाळत गेला तसा रंगच बदलला हो. अंगभर राखाडी-पिवळट लव, पंखांवर बारीक काळे ठिपके. ओली लव अंगाला चिकटते आणि असा लव असलेला भुंगेरा काळपट दिसतो, आणि काकांनी फोटोही स्पिरिटमधून काढल्या काढल्या घेतलेला. पंखाच्या खांद्यावर नख फिरवलं तर कानशीसारखं खरखरीत लागलं. छातीला दोन्ही बाजूंना काटा. मग भिंगाखाली चेहरा बघितला, भिंतीसारखा सरळ खाली उतरलेला, तोंडाजवळच्या छोट्या मिशा टोकाला निमुळत्या. स्ट्रोमॅशियमचं डोकं पुढे आलेलं असतं आणि त्या मिशांची टोकं आडवी कापल्यासारखी. हा सेलोस्टर्ना स्कॅब्रेटर, मूळचा बाभळीवरचा, पण द्राक्षाच्या जिवंत खोडात शिरतो आणि भुसा भोकातून बाहेर ढकलतो.

"काका, खोडाबाहेर ओला भुसा पडतो का?"

"पडतो ना, पाच झाडांना. तुम्ही विचारलंच नाही."

बांधाला बाभळी आहेत का, हेही नव्हतं विचारलं. आहेत.

दुकानदाराने त्यांना आधीच सांगितलेलं, किडा कुठला का असेना, औषध एकच. याचा मला फार राग येतो, एक मेलेल्या लाकडात राहतो, दुसरा जिवंत, औषध कुठं पोचणार ते तरी बघा! आणि आमच्या ग्रुपवरही फोटो पडला की दहा मिनिटांत नाव येतं, चेहऱ्याचा फोटो कुणी मागत नाही, मीही मागितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बागेत गेले. वाकवलेल्या तारेने तीन खोडांतून अळ्या निघाल्या, बोटाएवढ्या. उरलेल्या दोन झाडांत तार आतल्या भोकाच्या वळणापर्यंत जाऊन अडकली, आणि काल काकांनी पाठवलेल्या फोटोत त्या दोन्ही बुडख्यांशी ताजा, ओला भुसा आहे.