मिक्लातमध्ये भरलेला मलिदा

धाकटीचं लग्न नोव्हेंबर 2023 मध्ये ठरलं होतं. 7 ऑक्टोबरला इथे इस्राएलमध्ये युद्ध पेटलं आणि होणाऱ्या जावयाला मिलुइमचं, म्हणजे राखीव सैनिकांचं बोलावणं आलं. त्या दिवसांत असे तीन लाखांहून जास्त लोक घरातून उठून गेले. हॉलवाल्यांनी तारीख रद्द केली. दिलेले पैसे परत मिळवायला किती फोन केले, ते सोडूनच देते.

आईने मात्र बजावलं, "तारीख मोडायची नाही. मेंदी नि मलिदा घरीच करू." आम्ही बेने इस्राएल, मूळचे कोकणातले ज्यू. मलिद्याशिवाय, म्हणजे गोड पोह्यांचं ताट मांडून केलेल्या प्रार्थनेशिवाय, मंगलकार्य झाल्यासारखं वाटतच नाही.

आमच्या अश्दोद शहरात रॉकेटचा सायरन झाला की निवाऱ्यात शिरायला 45 सेकंद मिळतात. 1991च्या आखाती युद्धानंतर नव्या घरांत ममाद, म्हणजे काँक्रीटची सुरक्षित खोली बांधायला लागले. आमची इमारत त्याआधीची, तळघरात सगळ्यांचा मिळून एक मिक्लात, म्हणजे निवारा. आईचे गुडघे गेलेले. दुसऱ्या मजल्यावरून ती तेवढ्यात उतरणार कशी? तळमजल्यावरच्या रशियन शेजारणीने आपणहून घर दिलं. मग मी मिक्लातमध्ये चटया अंथरून पाहिल्या. दाटीवाटीने 22 माणसं. तेवढीच बोलवायची. मिन्यानसाठी, म्हणजे सामूहिक प्रार्थनेसाठी, दहा पुरुष हवेतच, त्यामुळे बायकांपैकी कुणाला गाळायचं यावर दोन दिवस रडारड झाली. सख्ख्या मावसबहिणीला नाही म्हणताना माझा आवाज फुटेना.

मेंदीच्या संध्याकाळी पोहे भिजवले, नारळ खवला, साखर, वेलची, बदाम, मनुका घातल्या, ताटात भोवती पाच फळं मांडली. लेकीचा उजवा हात भरून झाला, डाव्यावर वेल अर्धी आली आणि सायरन! ती दोन्ही हात वर धरून पळाली. मावशीने ताट छातीशी धरलं, मी आईच्या काखेत हात घातला. आईने पायऱ्या कशा उतरल्या, देव जाणे.

आत आल्यावर तेव्हा दहा मिनिटं थांबायचं असायचं. वर धडधड ऐकू येत होती. गाझा इथून 30 किलोमीटरच्या आसपास. तिथल्या लेकरांना सायरन नाही, मिक्लातही नाही, हे माझ्या मनातून जाईना. मामांनी एलियाहू हन्नबीचं, म्हणजे एलिया प्रेषिताचं नाव घेतलं आणि मलिद्याची प्रार्थना तिथेच सुरू झाली. जावई फोनवर होता, मधूनच आवाज तुटायचा. लग्नासाठी त्याला एका दिवसाची रजा मिळाली होती.

डाव्या हातावरची वेल आम्ही तिथेच पुरी केली, मोबाइलच्या उजेडात.