तुम्ही विचारलंत म्हणून: ड्युटीवर देव कधी आठवतो?

"सिस्टर, एवढ्या गडबडीत तुम्हाला देव आठवतो तरी कधी?" गळ्यातला क्रूस पाहून पेशंटचे नातेवाईक हमखास विचारतात. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या, नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलीही विचारतात. रात्रपाळीत सविस्तर बोलायला सवड नसते, म्हणून इथे लिहिते.

खरं सांगायचं तर मन भरकटतं. बावीस वर्षं ख्रिस्ताच्या नावाने नर्सिंग करतेय, तरी भरकटतं. उपासनेत घराचा हप्ता आठवतो, शास्त्रपाठ चालू असताना धाकट्याची फी. पूर्वी याचं फार अपराधी वाटायचं.

मग बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, चौदाव्या अध्यायात येणाऱ्या पेत्राकडे, येशूच्या त्या शिष्याकडे, नीट पाहिलं. पाण्यावरून चालताना तो वाऱ्याला भितो आणि बुडू लागतो. नजर प्रभूवरून हटली म्हणून बुडाला, हे प्रवचनांतून पुष्कळ ऐकलंय. मला मात्र त्याची हाक जवळची वाटते. "प्रभूजी, मला वाचवा." प्रार्थना एवढीच, आणि येशूने लगेच हात पुढे करून त्याला धरलं. आपली सगळी चिंता देवावर टाका, हे पुढे याच पेत्राच्या पत्रात येतं. बुडता बुडता शिकलेला माणूस तो!

माझी प्रार्थनाही तेवढीच असते. आमच्या वॉर्डात प्रत्येक कॉटच्या पायथ्याशी सॅनिटायझरची बाटली लावलेली आहे. हात नीट चोळायला वीस सेकंद लागतात: तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं. तेवढ्यात समोरच्या पेशंटचं नाव घेते. "प्रभू, यांचा ताप उतरू दे." पुढच्या कॉटपाशी पुन्हा हात, पुन्हा नाव. हप्त्याची काळजी डोकावली तर तीही त्याच वीस सेकंदांत सांगून टाकते.

हे एका चुकीतून शिकले. एकदा पहाटे चारला वॉर्ड शांत होता, मी डोळे मिटून प्रार्थनेला बसले होते. एक बाई येऊन म्हणाली, सलाईन संपत आलंय. मी तिच्यावर खेकसले. सलाईन बदलताना हात थरथरत होते. जिच्यासाठी देवाने मला तिथे उभं केलं, तीच मला अडथळा वाटली होती.

केडगावच्या पंडिता रमाबाईंचा मला फार आधार वाटतो. 1896-97च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुलींना आसरा दिला. त्यांचं जेवणखाण, आजारपणं, शिक्षण, सगळं बघायचं आणि त्यातच हिब्रू, ग्रीक शिकून बायबल मराठीत आणायचं. 1922मध्ये डोळे मिटेपर्यंत त्या कामात होत्या. मुलींपासून दूर, एकांतात जाऊन त्यांनी ते केलं नाही. छपाईच्या कामालासुद्धा 'मुक्ती' या त्यांच्या आश्रमातल्याच बायका होत्या.

परवा पहाटे नऊ नंबरच्या आजोबांनी विचारलं, "सिस्टर, माझ्या पायाशी उभ्या राहून काय पुटपुटता?" सांगितलं. आजोबा वारकरी, गळ्यात तुळशीची माळ. थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "तर मग माझ्या नातवाचंही नाव घ्या. बारावीला आहे."

तेव्हापासून नऊ नंबरपाशी दोन नावं घेते.