कुठल्या बँडसाठी आलात?

मुंबईकराला लोकलचं कोण काय शिकवणार हा माज मी टोकियोलाही घेऊन गेलो होतो, तो शनिवारी संध्याकाळी उतरला. दादाने (माझा मावसभाऊ, निशी-कासाईला राहतो, तिथे आपले लोक एवढे आहेत की हिंगापासून सगळं मिळतं) सकाळीच सांगितलेलं, इथूनच तोझाई लाईनची मिताकाला जाणारी गाडी पकड, थेट कोएंजीला उतरशील, जिथे मला संध्याकाळी बँड ऐकायला जायचं होतं. पण मला दुपारी शिंजुकूत भटकायचं होतं. मग तिथून केशरी पट्ट्याची चुओ रॅपिड समोर आली आणि मी चढलो. नाकानो आलं, नंतर कोएंजी खिडकीतून आलं आणि तसंच मागे गेलं, मग असागायापण गेलं. उतरलो ते ओगिकुबोला. वीकेंडला रॅपिड कोएंजीला थांबतच नाही, पिवळ्या पट्ट्याची स्लो पकडावी लागते. माटुंग्याला उतरायचं म्हणून फास्टमध्ये चढणाऱ्याकडे आपण कसं बघतो, तसं मी स्वतःकडे बघितलं.

कोएंजीच का, तर कॉलेजात एका मित्राच्या हार्डडिस्कमधून नंबर गर्ल नावाचा बँड मिळालेला. फुकुओकाची पोरं, 1995 ला सुरू झाले, 2002 ला बंद, मी ऐकलं तेव्हा ते संपलेले होते. मग 2019 ला परत आले आणि 2022 ला परत संपले, तेव्हाही माझं जमलं नाही. म्हटलं आता नावं बघत बसायचं नाही, छोट्या लाईव्ह हाऊसमध्ये, म्हणजे बँड वाजतात त्या जागेत, घुसायचं आणि जे वाजतंय ते ऐकायचं, आणि अशा जागा कोएंजीत भरपूर.

जागा स्टेशनच्या उत्तरेला, बेसमेंटमध्ये. अरुंद जिना, भिंतीवर पोस्टरवर पोस्टर इतकी चिकटवलेली की भिंत हाताला मऊ लागते. खाली एका टेबलामागे एक बाई, कॅशबॉक्स आणि वही. तिकीट 2800 येन, वर ड्रिंकचे 600. हे ड्रिंक ऐच्छिक नाही, प्यायचं नसलं तरी घ्यायचंच, कारण बऱ्याच लाईव्ह हाऊसचं लायसन खाण्यापिण्याच्या हॉटेलाचं असतं. पैसे घेतल्यावर तिने विचारलं, "ओमेआते वा?" म्हणजे आज कोणाला बघायला आलात. मी हुशारीत म्हटलं, "झेंबु," सगळ्यांनाच. ती हसली, वहीत काहीतरी खूण केली आणि फ्लायरचा हा एवढा गठ्ठा हातात दिला.

चार बँड, प्रत्येकी अर्धा तास, मध्ये पंधरा मिनिटं सामान बदलायला. साडेसहा म्हणजे साडेसहा. ॲम्प आणि ड्रमसेट हाऊसचे, त्यामुळे ड्रमर फक्त आपला स्नेअर, पेडल आणि झांजा घेऊन येतो, लग्नात ताशेवाला येतो तसा. गिटारसाठी कोपऱ्यात रोलंड कंपनीचा जेसी-120 ॲम्प, जो म्हणे जपानात जवळपास प्रत्येक लाईव्ह हाऊसमध्ये असतोच.

पहिला बँड गोड होता, विसरलो. दुसरे दोघंच, बास आणि ड्रम्स. त्यांनी जे काही केलं ते मला नीट सांगता येणार नाही, पण बासचा आवाज कानात नाही, बरगड्यांत येत होता आणि हातातल्या ग्लासातला बर्फ थरथरत होता. ड्रमर मुलगी, अंगाने बारीक, मध्येच सगळं थांबवून चार सेकंद काठ्या हवेत धरायची आणि मग दोघं एकदम कोसळायचे. त्या चार सेकंदांत बारमागच्या फ्रीजची घरघर ऐकू येत होती. कारण पब्लिक! कोणी बोलत नाही, मोबाईल वर नाही, गाणं संपलं की टाळ्या आणि परत शांत. आपल्याकडे गाण्याच्या कार्यक्रमाला मागच्या रांगेतले काका घरच्या गप्पा मारतात ते आठवलं. आणि पब्लिक किती, तर मला धरून वीसेक.

तिसरा एकटाच, फोल्डिंग टेबलावर आवाज वेडावाकडा करणारी इफेक्ट पेडल्स मांडून नुसता नॉइझ, म्हणजे सूर-ताल नसलेला गोंगाट. मर्झबाउ या नॉइझवाल्या कलाकारापासून, म्हणजे 1979 पासून टोकियोत ही परंपरा आहे, मान्य, पण मी दहा मिनिटांत बाहेर.

बाहेर जिन्यावर दादा भेटला, तो उशिरा आलेला. त्याच्या ऑफिसमधला एकजण बँडमध्ये वाजवतो, त्यामुळे त्याला हे सगळं माहीत. म्हणाला, "झेंबु म्हणालास? येडा आहेस का?" मग समजलं. इथे 'नोरुमा' असतो, शब्द मूळचा रशियन. बँडने ठरलेली तिकिटं खपवायची, समजा वीस, नाही खपली तर उरलेल्यांचे पैसे स्वतःच्या खिशातून भरायचे. वीसच्या वर गेली तर बँडला वाटा. दारात तुम्ही ज्याचं नाव घेता त्याच्या खात्यात तुमचं तिकीट जातं, आणि माझं कोणाच्याच गेलं नव्हतं. म्हणजे ही पोरं दिवसभर नोकरी करून, पदरचे पैसे भरून वीस लोकांसमोर वाजवतात. छबिलदासच्या प्रायोगिक नाटकवाल्यांच्या गोष्टी ऐकल्यात, त्यातलंच हे.

चौथा बँड ऐकला, बरा होता, पण लक्ष नव्हतं. संपल्यावर टेबलावर त्या दोघांची कॅसेट घेतली, 1000 येन. घरी कॅसेट प्लेअर नाही. ती ड्रमर स्नेअर पिशवीत भरत होती, मला बघून इतकं वाकली की मलाच अवघडल्यासारखं झालं.

मग दारातल्या बाईकडे गेलो, फ्लायरवर बोट ठेवून त्या बँडचं नाव दाखवलं आणि म्हटलं, "ओमेआते." तिला आधी कळेना. मग वही फिरवली. आपण चार उभ्या रेघा मारून पाचवी आडवी काढतो ना, ते लोक त्यासाठी पाच रेघांचं एक अक्षर लिहितात, अर्थ 'बरोबर'. पहिल्या बँडखाली अशी दोन पूर्ण अक्षरं होती. या दोघांखाली फक्त तीन रेघा. तिने शेवटच्या रकान्यातली माझी रेघ खोडली आणि तिकडे चौथी काढली.

दादा म्हणाला चल, आता पिवळी पकडू.