“धोकादायक एवढंच लिहा”

कोल्हापुरात शुक्रवार पेठेत पंचगंगेच्या अंगाला एक जुनं दुमजली घर. दगडी जोतं, मातीत रचलेल्या विटांच्या भिंती, सागवानी तुळया, वर कौलं. २०१९ ला खालचा मजला पाण्यात गेला, २०२१ ला परत. थोरल्याला ते विकून आर. के. नगरला फ्लॅट घ्यायचाय, धाकट्याला हेच दुरुस्त करायचंय. आईला सगळे आक्का म्हणतात. मी गेलो स्ट्रक्चरल रिपोर्टसाठी, म्हणजे इमारत किती मजबूत आहे ते तपासून लिहून द्यायला. थोरल्यानं दारातच गाठलं. “साहेब, धोकादायक एवढंच लिहा. आक्का दुसऱ्या कशानं ऐकायची न्हाई.”

फी घेऊन असं लिहून देणारे आहेत. त्यांच्यामुळे खरंच पडायला आलेल्या इमारतीचा रिपोर्टही लोक खोटा समजतात. याचा मला फार राग आहे.

तुळई वाकली का म्हणून लोक मधोमध बघतात. बघायचं असतं भिंतीत शिरलेलं टोक. तिथं हवा लागत नाही आणि भिंतीतली ओल लाकडात उतरते. हातोडीनं ठोकत गेलं की चांगलं सागवान खणखणतं, कुजलेलं बद्द वाजतं. शंका आली तिथं पेचकस दाबायचा. दोन टोकांत तो बोटभर आत गेला. बाकी लाकूड मात्र असं की आज पैसे मोजूनही मिळणार नाही. कुजलेलं टोक कापून लोखंडी चॅनेल जोडला की अशी तुळई वाचते.

खरं नुकसान पुरानंतर झालं होतं. भिंती वाळायच्या आतच कुणा मिस्त्रीनं सिमेंटचा गिलावा मारून छातीपर्यंत टाइल्स बसवल्या. मातीतली भिंत पाणी पिते आणि उन्हाळ्यात सोडते. तिचं तोंडच बंद केलं, मग ओल वर चढणारच. टाइल्सच्या वर मिठाचा पांढरा फुलोरा आला होता. पूर ओसरला की गल्लोगल्ली हेच काम चालतं, तेही ‘पक्कं’ म्हणून.

आक्कांनी विचारलं, “घर टिकंल का?”

“टिकेल. टाइल्स काढा, उन्हाळाभर भिंती उघड्या ठेवा, मग चुन्याचा गिलावा करा. पण पाणी येणारच, आक्का.” राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, २०१९ ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. त्यावर माझ्याकडे दुरुस्ती नाही. पाडून नवं बांधायचं तर जोतं लाल पूररेषेच्या, म्हणजे शंभर वर्षांतून एखाद्या वेळी येणाऱ्या मोठ्या पुराच्या पातळीच्या, ४५ सेंटीमीटर वर घ्यावं लागतं. तेवढ्या अरुंद जागेत ते खर्चाला परवडणारं नव्हतं.

“पाणी आलं की सामान माडीवर टाकायचं आन् पाहुण्यांकडं जायाचं,” त्या म्हणाल्या. “फ्लॅटवर करमंना झालं की रोज कुणाकडं जाऊ?”

मी दोन्ही लिहिलं: इमारत दुरुस्त होण्यासारखी आहे, जागा पुराची आहे. थोरला चिडला. तो लोभी नाही. २०२१ ला रात्री आक्कांना पाठीवर घेऊन पाण्यातून त्यानंच बाहेर काढलं होतं. त्या रात्रीची भीती तो माझ्या रिपोर्टातून मांडू बघत होता. मी लिहिलं ते खरं आहे, तरी त्याला काय उत्तर दिलं हा विचार सुटत नाही.

धाकट्यानं टाइल्स काढायला घेतल्यात. मागच्या भिंतीतल्या उभ्या तड्यावर मी काचेची पट्टी चिकटवून आलोय. भिंत हलत असेल तर काच तडकते. मृगाच्या आधी जाऊन बघणार आहे. तडकलेली दिसली तर थोरल्याला हवा असलेला शब्द मी स्वतः लिहीन, आणि तो आक्कांना वाचूनही दाखवीन.