लांब उतरणीचा रस्ता आणि पुढच्या ब्रेकची तीन दुखणी

हा वृत्तांत रस्त्याचा कमी आणि पुढच्या ब्रेकचा जास्त आहे, हे आधीच सांगून ठेवतो. डोंगर, ढग, दऱ्या सगळं होतं आणि फोटो ज्याने त्याने काढले. पण सामान लादून असा लांब चढ-उताराचा रस्ता कोणी धरणार असेल, तर त्याच्या उपयोगाचं जे काही आहे ते ब्रेकचंच. आम्ही चौघं होतो, मोटरसायकली चार तऱ्हेच्या, पुढे सगळ्यांना डिस्क ब्रेक. त्यातल्या तीन गाड्यांच्या पुढच्या ब्रेकने वाटेत त्रास दिला आणि प्रत्येकाचं कारण वेगळं निघालं. हत्यारांची पिशवी माझ्याकडे, त्यामुळे चाकाशी बसायची पाळीही माझीच.

चढ संपेपर्यंत काहीच जाणवलं नाही. चढावर ब्रेकला कामच नसतं, म्हणून निघण्याआधीची सपाटीवरची चाचणी फार भरवशाची धरू नका. खरी परीक्षा माथ्यापलीकडे. स्वार आणि सामान धरून ३०० किलो वजन १००० मीटर उंची उतरतं तेव्हा सुमारे २९ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. आठ लिटर पाण्याला उकळी आणायला पुरेल एवढी ही उष्णता. थोडी वाऱ्याला जाते, थोडी इंजिन खातं, आणि उरलेल्यातला मोठा वाटा पुढच्या चाकाबरोबर फिरणाऱ्या पातळ डिस्कवर आणि तिला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पॅडवर पडतो.

पहिली तक्रार सगळ्यात जड गाडीची. उतार अर्ध्याहून जास्त झाला होता. लिव्हर मऊ लागायला लागला, मग थेट मुठीला टेकला. दोन-तीनदा भराभर दाबला की थोडा दाब मिळायचा. गाडी दुसऱ्या गिअरवर आणि मागच्या ब्रेकवर हळूहळू आणून बाजूला घेतली. डिस्कवर निळसर झाक आली होती. अशा वेळी कोणीतरी पाण्याची बाटली काढतोच. त्याला थांबवा. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं की ती वाकण्याची भीती असते.

लगेच सल्ला आला, 'ब्रेक ऑइलच्या पाइपमध्ये हवा शिरलीय, काढून टाकू.' मी म्हटलं, आधी थंड तर होऊ दे. अर्ध्या-पाऊण तासाने लिव्हर आपोआप पहिल्यासारखा कडक झाला. निदानाचा अर्धा भाग इथेच झाला. पाइपमध्ये हवा असेल तर ती गाडी थंड झाली म्हणून जात नाही. मऊपणा थंड झाल्यावर गेला, म्हणजे ऑइल उकळून त्याची वाफ झाली होती आणि ती परत द्रव झाली.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३, ४ या त्याच्या प्रती. डॉट ३ कोरडं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, डॉट ४ २३० पर्यंत आणि डॉट ५.१ २६० पर्यंत. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हेच किमान आकडे १४०, १५५ आणि १८० वर येतात. म्हणून तर दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात, गाडी चालवली असो वा नसो. या गाडीच्या हँडलवरच्या छोट्या टाकीतलं ब्रेक ऑइल काळपट तपकिरी होतं. त्यावरून कल्पना आली. (डॉट ५ नावाचं एक सिलिकॉनचं ऑइल असतं, त्याचा ५.१ शी काही संबंध नाही. दोन्ही एकमेकांत मिसळू नका.)

पण जुनं ऑइल हे अर्धंच उत्तर. त्याच उतारावर आम्ही बाकीचे तिघे सुखरूप आलो होतो, मग हाच ब्रेक एवढा का तापला? गाडी स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचललं आणि हाताने फिरवलं. निरोगी चाक किंचित सळसळत दोन-तीन फेरे तरी घेतं. हे पाव फेऱ्यात थांबलं. म्हणजे ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कला चिकटून राहत होते, अगदी चढावरसुद्धा.

इथली एक चाचणी या सगळ्या लिखाणातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. चाक जड फिरत असताना कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा चाकाशेजारचा भाग) निपलला (ऑइल आणि हवा बाहेर सोडायचं छोटं तोंड) पारदर्शक नळी लावा, खाली फडकं धरा आणि निपल जरासा सैल करा. चाक लगेच मोकळं झालं तर ऑइलचा दाब आत कोंडलेला आहे. तसंच जड राहिलं तर ऑइलचा दोष नाही, कॅलिपरमध्ये काहीतरी अडकलंय.

दाब कोंडलेला निघाला तर पुढचा प्रश्न, कुठे? निपल बंद करा, लिव्हर दाबून पुन्हा चाक अडकू द्या, आणि आता मास्टर सिलिंडरपाशी (लिव्हरजवळचा, ऑइलवर दाब देणारा भाग) पाइप जिथे बसतो तो बोल्ट फडकं गुंडाळून किंचित सैल करा. तिथे चाक सुटलं तर दोष मास्टर सिलिंडरचा. त्यात एक बारीक छिद्र असतं. तापून फुगलेलं ऑइल त्यातून टाकीत परत जातं. ते गाळाने बुजलं किंवा लिव्हरला जराही ढील नसल्याने पिस्टन त्याच्यावरच बसून राहिला, तर ऑइलला परतीची वाट नसते आणि गाडी चालता चालता स्वतःच ब्रेक लावत जाते. बाजारातला देखणा लिव्हर बसवल्यानंतर ब्रेक चिकटायला लागला असेल तर पहिला संशय या ढिलीवर घ्या. आणि वरचा बोल्ट सैल करूनही चाक सुटत नाही, पण निपल उघडल्यावर सुटतं, तर मधला रबरी पाइप आतून सुजलेला आहे. बाहेरून तो धडधाकट दिसतो. लिव्हरच्या जोराने ऑइल पुढे जातं, परत मात्र येत नाही. बोल्ट असा सैल केल्यावर तिथे थोडी हवा शिरू शकते, म्हणून चाचणीनंतर ती काढूनच पुढे निघा.

आमच्या गाडीचं चाक निपल उघडूनही जडच राहिलं. मग कॅलिपर उतरवला. हा सरकता कॅलिपर होता. पिस्टन एकाच बाजूला असतात, ते आतला पॅड दाबतात आणि अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिन अडकली की हे सरकणं थांबतं. पॅड पाहताच उलगडा झाला. बाहेरच्या पॅडवर चांगला जाड थर, आणि आतला झिजून खुणेच्या खाचेपर्यंत आलेला. एका पिनेचं रबरी बूट (आवरण) फाटून आत पाणी गेलं होतं. पिन पिळून पिळून बाहेर काढली, तांबेरा बारीक पॉलिश पेपरने घासला, भोक पुसून घेतलं आणि सिलिकॉन ग्रीस लावून बसवली. साधं बेअरिंगचं ग्रीस इथे चालत नाही, त्याने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते.

पिस्टन आत ढकलण्याआधी धुवून घ्या, हे मी प्रत्येकाला कटकट वाटेपर्यंत सांगतो. पॅड झिजत जातात तसा पिस्टन बाहेर येतो, त्या उघड्या भागावर मातीचा थर बसतो. तसाच आत दाबला तर ती माती थेट सीलमध्ये. साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश पुरतो. पिस्टन ब्रेक सोडल्यावर मागे येतो तो स्प्रिंगमुळे नाही, चौकोनी छेदाचं सील पिळलं जाऊन पूर्ववत होतं त्यामुळे. जेमतेम केसभर. सील मळलं तर तेवढंही होत नाही. ढकलताना टाकीतलं ऑइल वर चढतं, म्हणून झाकण उघडून लक्ष ठेवा. रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंग उचकटतो. झाकणाचे स्क्रू मात्र सांभाळून. फुलीच्या स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बरोबर बसलं नाही की खाच गोल होते. आधी टोकावर हलका ठोका मारून मग फिरवलं की बहुतेक वेळा सुटतात.

दुसरी गाडी अगदी उलट वागत होती. लिव्हर दगडासारखा कडक आणि गाडी थांबायला तयार नाही. कडक लिव्हर म्हणजे ऑइलचा मार्ग ठीक आहे. दोष पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये शोधायचा. खडबडीत रस्त्यावर त्या गाडीच्या शॉकअपच्या ऑइल सीलने दगा दिला होता आणि गळणारं तेल नळीवरून ओघळत कॅलिपरवर उतरलं होतं. डिस्क ब्रेक क्लीनरने पुसून लख्ख होते. पॅड होत नाहीत, तेल आत मुरलेलं असतं. घासून घेतले तरी तापल्यावर ते परत पृष्ठभागावर येतं. जवळ जादा पॅड होते ते टाकले. सीलच्या ओठाखाली अडकलेली माती कॅमेऱ्याच्या फिल्मच्या पातळ पट्टीने काढली तर गळती थांबली, पण असं दर वेळी होईलच असं नाही. सील फाटलेलं असेल तर बदलण्यावाचून इलाज नसतो. पॅड तापून काचेसारखे गुळगुळीत झाले तरी हेच लक्षण दिसतं. त्यांना मात्र सपाट पृष्ठभागावर पॉलिश पेपर ठेवून घासलं तर जीव येतो.

तिसरी तक्रार मला सगळ्यात धोक्याची वाटली, कारण ती दिसतच नव्हती. झटका देऊन दाबला तर लिव्हर छान कडक. उभ्या गाडीवर हलकासा दाबून धरला की मात्र मिनिटभरात हळूहळू मुठीकडे सरकायचा. पाइपचे जोड, कॅलिपर, लिव्हरजवळच्या रबरी टोपीच्या आतली बाजू, कुठेच ओल नाही. टाकीतली पातळी तीच. ऑइल बाहेर जात नाही आणि दाब टिकत नाही, याचा अर्थ मास्टर सिलिंडरच्या पिस्टनवरचं सील आतल्या आत दाब मागे सोडतंय. हे रस्त्याकडेला दुरुस्त करायचं काम नाही. त्या मॉडेलचा सील आणि पिस्टनचा संच लागतो, स्वच्छ जागा लागते. पुढे अजून एक मोठा उतार होता. थोडी वादावादी झाली, शेवटी गाडी टेम्पोत चढवून पुढच्या मोठ्या गावापर्यंत नेली. या निर्णयाबद्दल मला आजही शंका नाही.

लिव्हरला थडथड जाणवली तर तो वेगळा प्रकार. डिस्क वाकलेली किंवा तिची जाडी कमी-जास्त झालेली असते. बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये डिस्क बाजूला डोलण्याची मर्यादा ०.३ मिलिमीटरच्या आसपास दिलेली असते. किमान जाडी तर डिस्कवरच कोरलेली असते, ती वाचा. रस्त्यात करण्यासारखं यात फारसं काही नाही.

संध्याकाळी पहिल्या गाडीचं ऑइल बदललं. निपल उघडा, लिव्हर दाबा, दाबलेलाच ठेवून निपल बंद करा, मग लिव्हर सोडा. टाकी कधीही रिकामी होऊ द्यायची नाही. एवढं करूनही लिव्हर मऊ राहिला तर हवा बहुतेक मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी, वरच्या बोल्टपाशी अडकलेली असते. हँडल असं वळवा की ती जागा सगळ्यात वर येईल, पाइपवर हलके ठोके द्या आणि लिव्हर अगदी थोडा थोडा दाबत राहा, बुडबुडे टाकीत येतात. रात्रभर लिव्हर दाबून बांधून ठेवण्याचा उपायही पुष्कळदा लागू पडतो. एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या काही गाड्यांना त्याच्या युनिटमधली हवा काढायला निदानाचं यंत्र लागतं, त्यामुळे तिथे जोड उगाच सोडू नका.

मी पिशवीत ठेवतो ते असं: ब्रेक ऑइलची सीलबंद छोटी बाटली (उघडलेली नको), पारदर्शक नळी, निपलच्या मापाचा रिंग पाना, पॅडचा जोड, पाइपच्या बोल्टचे तांब्याचे नवे वॉशर, सिलिकॉन ग्रीस, पॉलिश पेपर, टूथब्रश, फडकी. पॅड प्रत्येकाने आपल्या गाडीचे घ्यावेत, एकाचे दुसऱ्याला क्वचितच बसतात.

उतरताना ब्रेक हलका दाबून धरून ठेवण्यापेक्षा गिअर खाली घ्या, वळणाआधी नीट दाबून वेग कमी करा आणि पूर्ण सोडा. सोडलेल्या वेळातच डिस्क निवते. नवे पॅड टाकले असतील तर उतार लागायच्या आधी सपाटीवर मध्यम जोराने बऱ्याच वेळा दाबून बसवून घ्या.

काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी लिव्हर कडक होईपर्यंत दाबा. पिस्टन आत ढकललेले असतात, पहिले काही दाब रिकामेच जातात. मग चालण्याच्या वेगाने एकदा थांबून पाहा. काही किलोमीटर पुढचा ब्रेक न लावता जा, थांबा आणि डिस्कवर पाण्याचा एक थेंब टाका. चुरचुरला तर ब्रेक अजून चिकटतोय, पिना पुन्हा उघडा. दुसऱ्या दिवशी निघण्याआधी कॅलिपरचे बोल्ट आणि पाइपचे जोड पाना लावून तपासा, आणि निपलवर रबरी टोपी आहे ना तेही बघा. ती नसली की निपलमध्ये माती बसते आणि पुढच्या वेळी तो उघडतच नाही.