तिसरीच्या वर्गातली चिठ्ठी

‘आजी माझ्यामुळे आजारी पडली.’ मागच्या बाकावरच्या मुलाने ही ओळ मोठ्याने वाचली आणि वर्ग गप्प झाला. चिठ्ठी त्याची नव्हती. पुढच्या मुलीच्या वहीतून ती खाली पडली होती.

पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या, म्हणजे मिस्सेत पवित्र भाकर प्रथमच स्वीकारण्याच्या, तयारीचा तास होता. कॅथलिक चर्चच्या कॅनन कायद्याच्या 914व्या कलमाप्रमाणे त्याआधी पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूपाशी आपली पापं सांगून क्षमा मागणं, होतं, म्हणून मुलांना आधी तेच शिकवायचं असतं. आपापली पापं आठवून लिहून आणा, असं मीच सांगितलं होतं. मुलं घाबरली की विसरतात, म्हणून चिठ्ठीचा आधार द्यावासा वाटतो. चूक तिथेच झाली. पापनिवेदनात ऐकलेलं धर्मगुरूला कुणापाशीही उघड करता येत नाही, मध्ये दुभाषी असला तर त्यालाही 983वं कलम गुप्ततेने बांधतं. आणि मी मात्र तेच सगळं कागदावर, दप्तरात, कुणाच्याही हाती लागेल असं ठेवायला लावलं होतं.

सगळ्या चिठ्ठ्या घडी घालून टेबलावर मागवल्या आणि मुलांच्या डोळ्यांदेखत, न वाचता, फाडल्या. वाचणाऱ्या मुलाला रागावले नाही. रागावले असते तर ती ओळ सगळ्यांच्या आणखी लक्षात राहिली असती.

मग बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा 9वा अध्याय काढला. जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईवडिलांचं? येशू सांगतो, याचंही नाही, त्यांचंही नाही. त्या मुलीकडे न बघता मी एवढंच दोनदा वाचलं.

फळ्यावर तीन रकाने आखले: अपघात, चूक, पाप. पेला हातून निसटून फुटला. बेरीज चुकली. मित्राचा रंगखडू लपवला आणि ‘मी नाही घेतला’ म्हटलं. प्रत्येक उदाहरणाला दोन प्रश्न: हे वाईट आहे हे माहीत होतं का? तरी मुद्दाम केलं का? गंभीर पापासाठी कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ तीन अटी सांगतो: गंभीर बाब, पूर्ण जाणीव आणि स्वेच्छेची संमती. सात-आठ वर्षांच्या मुलाला यातल्या शेवटच्या दोन नीट कळतात, पहिलीचा काथ्याकूट या वयात नको. ‘कुणी आजारी पडलं तर ते कुठे लिहायचं?’ असं विचारल्यावर एक मुलगा म्हणाला, ‘टीचर, चौथा रकाना काढा ना. कुणाचाच दोष नाही, असा.’ काढला.

तास संपल्यावर त्या मुलीला व्हरांड्यात थांबवलं. काय घडलं होतं ते विचारलं नाही. आजार तिच्यामुळे आलेला नाही, एवढं स्पष्ट सांगितलं. आजीची काळजी वाटते हे तुझ्या आईला सांगू का, असं विचारलं. तिने मान हलवल्यावरच सांगितलं.

तेव्हापासून सराव एका काल्पनिक मुलाच्या नावाने होतो. त्याची तीन पापं मी ठरवते, मुलं त्याच्या वतीने बोलतात. क्रुसाची खूण, ‘हे माझं पहिलं पापनिवेदन’, पापं, फादरांचा सल्ला आणि प्रायश्चित्त, मग पश्चात्तापाची प्रार्थना. पापक्षमेच्या शब्दांपाशी मी थांबते. ते शब्द धर्मगुरूचे, सरावातही शिक्षकाने म्हणू नयेत. इथे बहुतेक मुलं दोन ठिकाणी घसरतात: भावाची पापं सांगू लागतात, आणि प्रायश्चित्ताला शिक्षा समजतात. या दुसऱ्या चुकीसाठी मी लूकच्या शुभवर्तमानाच्या 19व्या अध्यायातला जकातदार जक्कय सांगते. फसवून घेतलेलं चौपट परत करीन, असं तो आनंदाने म्हणतो.

एक गोष्ट शिक्षकाने पक्की ध्यानात ठेवावी. वर्गात कानावर आलेलं हे पापनिवेदन नव्हे. मुलाच्या बोलण्यात त्याला कुणी इजा करत असल्याचं आलं, तर गुप्ततेची सबब चालत नाही, त्याच दिवशी मुख्याध्यापकांकडे जायचं आणि बालसंरक्षणाच्या नियमांप्रमाणे पुढची पावलं उचलायची.

आता मुलं चर्चमध्ये जाताना हातात फक्त पश्चात्तापाच्या प्रार्थनेचं छापील कार्ड नेतात. मागची बाजू कोरी असते आणि तिच्यावर काहीही लिहायचं नाही, हे मी आदल्या दिवशी पुन्हा सांगते.